खोकं कशाला, मोबाइल आहे की!

‘खोकं कशाला, मोबाइल आहे की!’ हे उत्तर हल्ली इतक्या तत्परतेनं मिळतं, की प्रश्न अजून पुरता विचारूनही झालेला नसतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला गाणी-अभंग ऐकायला काहीतरी घ्यावं म्हणून कोणी जालन्यात गांधी चमनच्या आसपास चौकशी करू लागला, तर सोबत आलेला पुतण्या हे ऐकवतो, काउंटरमागचा पोरगा हे ऐकवतो आणि वर्तमानपत्रातलं तंत्रज्ञानाचं पान हेच जरा इस्त्री करून छापतं. पुराव्यादाखल आयपॉड पुढे केला जातो. ज्या ॲपलनं ऑक्टोबर २००१ मध्ये ‘हजार गाणी खिशात’ म्हणून ते यंत्र लोकांपुढे आणलं, त्याच ॲपलनं १० मे २०२२ रोजी ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. राजाच गेला, तर भोकरदनच्या बाजारात ताडपत्रीवर मांडलेल्या, लाल-निळे दिवे लुकलुकणाऱ्या, मेमरी कार्डावरची गाणी वाजवणाऱ्या डबड्यांची काय कथा!

युक्तिवाद बिनतोड वाटतो खरा. पण आयपॉडच्या मरणाचं कारण त्यात सोयीस्कर गाळलेलं आहे. लोकांनी वेगळ्या यंत्रावर गाणी ऐकणं नाकारलं म्हणून ॲपलनं दुकान आवरलं नाही. कंपनीचाच फोन ते काम करू लागला होता, आणि २०१५ पासून ॲपल म्युझिक नावाची महिन्याच्या पैशांची सेवाही तिनं सुरू केली होती. गाणं एकदा विकलं की गिऱ्हाईक सुटतं. तेच भाड्यानं दिलं की ते दरमहा परत येतं. कंपनीनं आपला फायदा पाहिला यात गैर काही नाही. पण कंपनीच्या फायद्याचा निर्णय हा घनसावंगीच्या शेतकऱ्याच्या गरजेचा निकाल कसा होतो, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

आता फोनचं पाहू. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि गाणं ऐकण्याचा खर्च जवळपास शून्यावर आला, हे निर्विवाद. जालना शहरात चार भिंतींत, रेंजमध्ये, चार्जरशेजारी बसून ऐकणाऱ्याला वेगळं यंत्र घे म्हणून मी सांगणार नाही; त्याचे पैसे वाचू देत. माझं भांडण त्या ‘की’मधल्या खात्रीशी आहे. ‘आहे’ म्हणतात तो मोबाइल कुणाकडे आहे? घरातला चांगला फोन लेकाच्या खिशात असतो आणि तो एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात पाळीवर गेलेला असतो. दुसरा नातवाच्या हातात, त्यातून तो सुटेल तर शपथ. घरी शेंगा फोडत किंवा कापूस निवडत बसलेल्या आईच्या वाट्याला त्या फोनमधलं संगीत येतं ते रात्री, सगळ्यांचं बघून झाल्यावर, जाहिरातींसकट. फोन हा एका माणसाचा असतो. डबडं घराचं असतं. ते ओसरीवर वाजतं, सगळ्यांना ऐकू येतं, आणि त्याचा आवाज कमी कर म्हणून भांडायचा हक्कही सगळ्यांना असतो.

रानातली गोष्ट तर वेगळीच. शेतीपंपाची थ्री-फेज लाइट अनेकदा रात्रीच्या पाळीत येते. मोटार सुरू करायची, दारं धरायची, मधल्या वेळात झोप लागू द्यायची नाही आणि रानडुकरं जवळ येऊ द्यायची नाहीत, एवढी कामं एका माणसानं अंधारात करायची. बांधावर काहीतरी वाजत असलं की चारही कामांना मदत होते. तिथं चिखलाच्या बोटांनी काचेचा पडदा चालत नाही, बटणं चालतात. आणि फोनची बॅटरी गाण्यावर घालवली, तर साप निघाला किंवा मोटार जळाली तेव्हा घरी कळवायचं कशानं? तीच गोष्ट अंगारकीला जालन्याहून राजूरच्या गणपतीला रात्रभर पायी जाणाऱ्यांची. तीच, आणि कितीतरी जास्त कठीण, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठ्याहून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची. सहा-सहा महिने कारखान्याच्या हद्दीत पाचटाच्या कोपीत काढायचे, कोपीत वीज नाही, फोन चार्ज करायला कुणाच्या तरी दुकानात द्यायचा. अशा ठिकाणी बटणाच्या डबड्यात जी बॅटरी असते, ती पुष्कळदा नोकियाच्या जुन्या फोनांची बीएल-५सी असते. कुठल्याही तालुक्याच्या गावात ती मिळते, नखानं काढता येते आणि दुसरी भरलेली बसवता येते. आजच्या हजारो रुपयांच्या फोनची बॅटरी काढून दाखवा. मागासलेलं यंत्र म्हणून ज्याला हिणवलं जातं, ते या एका बाबतीत पुढचं आहे.

‘पण सगळी गाणी ॲपवर आहेत’ हा पुढचा डाव. आज आहेत, हे मान्य. उद्याचा हवाला कोण देतो? स्पॉटिफाय भारतात आलं फेब्रुवारी २०१९ मध्ये. दोन-तीन महिन्यांतच सारेगामा दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि स्पॉटिफायला त्या कंपनीची गाणी उतरवावी लागली. करार होऊन ती परतली जून २०२० मध्ये. सारेगामा म्हणजे पूर्वीची एचएमव्ही. तिच्या तिजोरीत मराठी भावगीत-भक्तिगीतांचा केवढा मोठा साठा आहे, हे रेडिओवर वाढलेल्या पिढीला सांगायला नको. वर्षभर तो त्या ॲपवर नव्हता. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकशी करार जमला नाही म्हणून त्या कंपनीची गाणी गेली. ‘सैराट’चं संगीत याच कंपनीकडे आहे, एवढं सांगितलं की पुरे. हे झालं गाणी जाण्याचं. दुकानंच्या दुकानंही गेली. गुगल प्ले म्युझिक २०२० मध्ये मिटलं. रेसो ३१ जानेवारी २०२४ ला भारतातून गेलं. एअरटेलचं विंक त्याच वर्षी आटोपलं. गानानं २०२२ मध्ये फुकटचा दरवाजा लावून घेतला. प्रत्येक वेळी लोकांनी वर्षानुवर्षं एकेक करून निवडलेल्या याद्या दुसरीकडे हलवायच्या, नाहीतर सोडून द्यायच्या.

यावर ‘डाऊनलोड करून ठेवा’ असं उत्तर देणाऱ्यांनी त्या डाऊनलोडच्या अटी वाचलेल्या नसतात. ॲपमध्ये उतरवलेलं गाणं ही कुलूपबंद वस्तू आहे. ते दुसऱ्या यंत्रात जात नाही, कार्डावर घेऊन डबड्यात घातलं तर वाजत नाही, आणि स्पॉटिफायच्या बाबतीत तीस दिवसांत एकदा तरी इंटरनेटला हजेरी लावली नाही तर ते ऐकायलाही मिळत नाही. पैसे भरणं थांबलं की सगळं संपलं. महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये धरले तरी वर्षाला बारा-पंधराशे. दहा वर्षं भरले तरी अकराव्या वर्षी हातात एकही गाणं नाही. मला भाड्यानं राहणाऱ्यांबद्दल आकस नाही, पण भाड्याच्या घराला मालकीचं म्हणून गळ्यात मारू नये, इतकंच.

आता सगळ्यात जड आरोप. मोबाइलच्या दुकानात कार्ड देऊन ‘गाणे टाकून द्या’ म्हणणं ही चोरी आहे. आहे. त्यात मी शब्दांची सारवासारव करणार नाही. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्याचं कलम ६३ त्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड सांगतं, आणि वीस-तीस रुपयांत शेकडो गाणी टाकून देणाऱ्या दुकानदाराला त्यातून सुटायला फारशी जागा नाही. गाणाऱ्याचा, लिहिणाऱ्याचा, ढोलकी वाजवणाऱ्याचा घास त्यात जातो. पण आरोप करणाऱ्यानं पुढच्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं: प्रामाणिक माणसानं गाणं विकत घ्यायला जावं कुठं?

असं दुकान एकदा निघालं होतं. फ्लिपकार्टनं फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘फ्लाइट’ नावानं एमपी३ गाणी विकायला सुरुवात केली. पैसे द्या, फाइल घ्या, हवी तिथं वाजवा. जून २०१३ मध्ये ते बंद झालं. फुकट मिळणाऱ्या गाण्यांपुढे आणि पाच-दहा रुपयांच्या व्यवहाराच्या कटकटीपुढे ते टिकलं नाही. ज्या देशात पुढं चहाच्या टपरीवर दहा रुपये फोननं देणं रोजचं झालं, तिथं ते दुकान कुणी पुन्हा उघडलं नाही. ॲपलचं आयट्यून्स स्टोअर डिसेंबर २०१२ मध्ये इथं आलं. गाणं तेव्हा बारा-पंधरा रुपयांना, आणि कुलूप नसलेलं. मात्र त्यासाठी आयफोन किंवा संगणक लागतो, आणि मिळालेली फाइल ज्या प्रकारची असते ती स्वस्त डबडी सहसा ओळखत नाहीत. एमपी३ करून घ्यावी लागते. परतूरच्या किराणा दुकानदाराला प्रल्हाद शिंद्यांचं एक विठ्ठलगीत न्याय्य किमतीत घेऊन आपल्या यंत्रात वाजवायचं असेल, तर त्याला एवढी वारी करायला लावायची आणि तो शेजारच्या मोबाइलवाल्याकडे गेला की त्याला चोर म्हणायचं. भाडं द्या नाहीतर चोरी करा, असे दोनच दरवाजे ठेवून नीतीचे पाठ देणं सोपं आहे.

आणि यंत्राचा गुन्हा तर मुळीच नाही. खिशातल्या एमपी३ यंत्रावर पहिला मोठा खटला अमेरिकेत झाला. १९९८ च्या ‘डायमंड रिओ’ या छोट्या डबीविरुद्ध तिथल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांची संघटना कोर्टात गेली. १९९९ मध्ये अपील न्यायालयानं कंपन्यांची मागणी फेटाळली. माणूस आपल्याकडचं गाणं एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवतोय, यात वावगं काय, असाच त्या निकालाचा रोख होता. आपल्या कायद्यातही कलम ५२ खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठी रास्त मुभा देतं. स्वतःच्या सीडीवरचा हरिपाठ कार्डावर घेऊन रानात ऐकणाऱ्याला कुणी डोळे वटारू नयेत.

चोरीची ओरड याआधीही झाली होती. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली तेव्हा एचएमव्हीसारख्या कंपन्यांच्या दृष्टीनं सगळा कॅसेट-बाजारच चोरबाजार होता, आणि त्यात तथ्यही पुष्कळ होतं. पण गुलशनकुमारांच्या टी-सीरीजनं किंमत पाडली, किराणा दुकानापासून पानटपरीपर्यंत माल पोचवला आणि चोरट्या कॅसेटचा नफाच खाऊन टाकला. पीटर मॅन्युएल या अभ्यासकानं १९९३ मध्ये ‘कॅसेट कल्चर’ हे पुस्तक लिहिलं. स्वस्त कॅसेटमुळे एरवी मोठ्या कंपन्यांच्या दारात उभं राहायला न मिळणारं प्रादेशिक संगीत कसं बाहेर पडलं, हे त्यानं दाखवलं. मराठीत याचा दाखला शोधायला लांब जावं लागत नाही: प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, आणि गावोगावच्या भीमगीतांच्या पार्ट्या. चौदा एप्रिलला जालन्याच्या वस्त्यांमध्ये जे वाजतं, त्यातलं कितीतरी आधी कॅसेटवर आणि मग कार्डावर जगलं. दिल्ली-मुंबईच्या ॲपवाल्यांच्या कृपेची वाट पाहिली असती, तर ते आधीच संपलं असतं.

आणखी एक गोष्ट चोरीची ओरड करणारे कधी सांगत नाहीत. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं टिकतो. म्हणजे १९६४ अखेरपर्यंत प्रकाशित झालेल्या तबकड्यांवरचा मुद्रणाचा हक्क १ जानेवारी २०२५ पासून उरलेला नाही. शब्द आणि चाल यांचा हिशेब मात्र वेगळा आहे; तो हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. म्हणून १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर सुरू झालेल्या गीतरामायणाचे शब्द अजून मोकळे नाहीत. गदिमा १९७७ मध्ये गेले, तेव्हा २०३७ संपेपर्यंत थांबावं लागेल. उलट ‘स्वयंवर’ घ्या. नाटक १९१६ चं. नाटककार खाडिलकर १९४८ मध्ये गेले, चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ मध्ये. त्या पदांच्या जुन्या तबकड्या कुणीही उतरवाव्यात, कार्डात भराव्यात, वाटाव्यात. ज्ञानेश्वर-तुकारामांचे, जांबच्या समर्थांचे शब्द तर कुणाच्या बापाचे नाहीत. कायदेशीर फुकट संगीताचा एवढा मोठा साठा पडला असताना आपल्या दुकानांतल्या संगणकात मात्र ‘डीजे’, ‘लग्न’, ‘भीमगीते’, ‘जुने हिंदी’, ‘भक्ती’ अशी ठरलेली पाच-सहा फोल्डरं. यात दुकानदाराचा दोष थोडा आणि आम्हा शिकलेल्यांचा जास्त. आम्ही कायद्याची भीती घातली, कायद्यानं मोकळं केलेलं दाखवलं नाही.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. हे म्हणतात, यंत्र घ्याच, पण घ्यायचं तर हाय-रेझ घ्या. एमपी३ म्हणजे आवाजाची खिचडी. सोनीचे महागडे वॉकमन आजही निघतात, चिनी कंपन्यांचे त्याहून भारी प्लेअर आहेत, आणि बंद खोलीत चांगल्या तारेच्या हेडफोनवर त्यात फरक ऐकू येतो, असं ते शपथेवर सांगतात. येत असेल. अंबडला दत्तजयंतीला शास्त्रीय संगीताचा महोत्सव भरतो. तिथं समोर बसून ऐकलेल्या माणसाला आवाजातलं कमी-जास्त कळत नाही, असं कोण म्हणेल? पण ट्रॅक्टरच्या आवाजात, वाऱ्यावर, सात-आठ सेंटिमीटरच्या स्पीकरवर ती सगळी श्रीमंती हवेत विरते. ब्लूटूथचं बहुतेक सामान जोडलं की गाणं वाटेत पुन्हा दाबलं जातं, मग मूळ फाइल कितीही भरजरी असो. आपल्याकडचं आवाजाचं दुखणं वेगळं आहे. व्हिडिओवरून ओढलेला आवाज, तो पुन्हा दाबलेला, त्यावर कुणीतरी ‘बास’ वाढवलेला, आणि तो फुटेपर्यंत मोठा केलेला. एकदाच नीट केलेली १२८ केबीपीएसची फाइल त्यापेक्षा शंभर पटींनी बरी. ती मिनिटाला साधारण एक एमबी खाते. बत्तीस जीबीच्या कार्डात साडेपाचशे तासांच्या आसपास गाणी बसतात. ३२० ची ठेवली तर सव्वादोनशे तास. एवढं ऐकायला सवड आहे कुणाला?

मधला मार्ग म्हणून कारवाँ सांगितला जातो. सारेगामानं २०१७ मध्ये पाच हजार गाणी भरलेला तो रेडिओसारखा दिसणारा डबा काढला, पुढं मराठी आवृत्तीही आणली, आणि तो तडाखेबंद खपला. या खपानंच ‘मोबाइल आहे की’चा फज्जा उडवला. ज्यांच्या घरात दोन-दोन फोन होते त्यांनीच आईवडिलांसाठी सहा हजारांच्या घरातलं खोकं विकत घेतलं. कारण उघड आहे, बटण दाबलं की गाणं लागतं. पण त्यातली पाच हजार गाणी कंपनीनं निवडलेली, कंपनीच्याच साठ्यातली. तुमच्या आजीला हवा असलेला गावातल्या महाराजांचा काकडा त्यात नाही. तो पेनड्राइव्हवरूनच लावावा लागतो. म्हणजे फिरून आपण आपल्या फाइलशीच येतो.

म्हणून घेताना नाव पाहू नये, खाच पाहावी. कार्डाची आणि पेनड्राइव्हची खाच हवी, बटणं ठसठशीत हवीत, बॅटरी काढता यावी. खोक्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये. त्या हिशेबानं निम्मी डबडी लग्नाच्या डीजेला हरवतील. बंद करून पुन्हा लावल्यावर ते आधीच्याच गाण्यावर येतं का, हे दुकानातच तपासावं. दीड तासाचं कीर्तन दरवेळी पहिल्यापासून ऐकायची शिक्षा भोगलेल्यांना याचं महत्त्व कळेल. फोल्डर बदलायचं बटण आहे का तेही बघावं. कार्ड बत्तीस जीबीपेक्षा मोठं घेऊ नये. त्यावरची कार्डं ज्या पद्धतीनं आखलेली येतात ती पद्धत स्वस्त यंत्रांना कळत नाही, आणि मग दुकानदार यंत्र खराब म्हणतो, यंत्रवाला कार्ड खराब म्हणतो. बाजारात खोटी कार्डंही पुष्कळ असतात, वर लिहिलेलं बत्तीस आणि आत चार. म्हणून बिलावर घ्यावं. आणि सगळ्या गाण्यांची एक प्रत दुसऱ्या जागी ठेवावी. कार्ड सांगून मरत नाही.

कार्डवाल्यांची बाजू घेत असलो तरी त्यांच्याशीही माझा एक हिशेब बाकी आहे. त्यांच्या फाइली उघडून बघा. गायकाच्या जागी चोरट्या संकेतस्थळाचं नाव, संगीतकाराच्या जागी तेच, अल्बमच्या जागीही तेच. शाहिराचं नाव पुसून गाणं वाटणं हा मला दंड-कैदेपेक्षा मोठा गुन्हा वाटतो. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कितीतरी ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर आवाजासह ऐकता येतात, आणि प्रत्येकीखाली गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव आहे. दळणाऱ्या बाईचं नाव टिकवायला त्यांना जमलं. आपल्याकडे ज्यांच्या आवाजावर जयंत्या-मिरवणुका चालतात त्यांचं नावही फाइलीत उरत नाही.

लोकांना गाणं आपल्या हातात हवं असतं, हे कंपन्यांना ठाऊक आहे. ठाऊक नसतं तर सारेगामानं गाणी भरलेले पेनड्राइव्ह ‘म्युझिक कार्ड’ म्हणून विकायला काढलेच नसते. मग उरलेलं पाऊलही उचलावं. प्रत्येक तालुक्यात काउंटर आहे, संगणक आहे, गिऱ्हाईक रोज चालत येतं, फोननं पैसे घ्यायची सोय भिंतीला चिकटवलेली आहे. या दुकानांना परवाना द्यावा, गाण्यामागं रुपया-दोन रुपये ठरवावेत, गायक-गीतकाराच्या नावासकट स्वच्छ फाइल द्यावी आणि त्यातला वाटा त्यांच्यापर्यंत पोचवावा. एवढं करूनही जो दुकानदार ओढून आणलेली गाणी टाकून देईल, त्याला कलम ६३ खुशाल लावा. फिर्यादीवर सही करायला मी येईन.